चौथा भाग

मारिसेल कायमची मनिलाला निघाली तेव्हा
फ्रिज जेसीला दिला, इस्त्री मला,
आणि इस्त्रीच्या खोक्यात तळाशी,
अरबी वर्तमानपत्रात गुंडाळलेले
सात भावांचे सात भाग.
खरं तर सहा. चौथा नव्हता.

फहाहीलची रात्रपाळी, पुरुषांचा वॉर्ड.
बाहेर धुळीचं वादळ, खिडकीच्या फटींत ओले टॉवेल,
तरी दाताखाली कचकच.
आणि माझ्या मांडीवर, रजिस्टरच्या आड,
धुकं. गुडघाभर ओलं गवत, दगडी गढी,
चौकड्यांचं कापड नेसून घोड्यावरनं उतरणारा कोणी,
ज्याच्या पोटऱ्या लेखिकेने तीनदा वर्णिल्यात.

हसा. मीही हसले होते.
पण एकशे दहा पानं म्हणजे बरोब्बर एक पाळी:
दहाच्या सलाइनला ती त्याच्या हाती सापडते,
बाराची टेम्परेचरं घेईतो त्याला कडकडून चावते,
दोनला पाऊस, पडकी झोपडी, घोंगडी एकच.
चारची शुगर तपासताना मला ठाऊक असतं,
आता भांडतील, उगीचच,
आणि सहाला, ड्यूटी सोपवायच्या आत, लग्न.
अकरा नंबरचा पोरगा, परातीवरून पडलेला,
दर रात्री विचारतो, सिस्टर, पाय राहील ना?
त्याचं पान मला पुढे उलटता येत नाही.

त्यांचा क्लॅन म्हणजे आपली भावकीच की.
बांधावरून मुडदे, गुरं पळवणं,
तीन पिढ्या एकमेकांच्या विहिरीचं पाणी वर्ज्य.
त्यांचा लेअर्ड म्हणजे आपला खोत,
फक्त उंच, आणि पश्चात्ताप झालेला.
(आमच्या गुहागरात मी उंच खोत पाहिलाय.)
हेदर नावाचं फूल मी पाहिलेलं नाही.
जिथे जिथे हेदर येतं तिथे तेरडा लावते,
डोंगर लगेच ओळखीचा होतो.

चटक लागते ती पुढच्या भागाची.
पहिल्यात दाराशी उभा राहून कांदा खाणारा धाकटा,
वाट्याला एकच वाक्य,
पण आपल्याला कळतं, याचं पुढे आहे काहीतरी.
तिथे कोणी नुसतं दाराशी उभं नसतं.
इथे बसथांब्यावर, पैसे पाठवायच्या रांगेत,
मी माणसांकडे तसं बघायला लागलेय:
हा कितव्या भागातला?

तर रुअरी. भाऊ नंबर चार.
तिसऱ्याच्या शेवटी आईशी भांडून होडी ढकलतो.
पाचव्यात तो पंगतीत बसलेला आहे.
शेजारी बायको, लाल केसांची,
डाव्या हाताची दोन बोटं नाहीत.
कोणी काही विचारत नाही.
सगळ्यांनी चौथा वाचलेला असतो.

मे महिन्यात घरी गेले, दोन वर्षांनी.
निनादच्या हनुवटीवर टाक्यांची खूण, पाच टाके, तिरके.
मी घातले असते तर दिसलेही नसते.
'अगं, ते कधीचं!' म्हणत
नणंदेने भात वाढला, वर कुळथाचं पिठलं.
निनाद खाली बघून जेवत होता.
घरात एक नवं मांजरही होतं, त्याला नाव होतं.

परत येऊन चौथा मीच रचायला घेतला.
बोटं कशी गेली? मासळीचा गळ, थंडी, लांडगा,
एकेका पाळीला एकेक करून पाहिलं.
लांडगा आवडला, पण खरा वाटेना.
आता एवढंच ठरलंय, की रक्त थांबेना तेव्हा
कोणीतरी बाई जवळ होती,
तिने दोरा दाताने तोडला.

नवी मुलगी आलीय, इडुक्कीची, प्रिन्सी.
रात्री लिनन रूममध्ये जाऊन रडते
आणि तोंड धुऊन बाहेर येते.
काल खोकं तिला दिलं.
तिसऱ्याच्या शेवटच्या पानात चिठ्ठी घातलीय:
चौथा नाही. शोधत बसू नको.
पाचव्यात सगळे जेवायला बसलेत.